जन्मस्थळाचा रकाना

नवचमन, १४ जून १९९२

खुशवक्त,

तुझी प्रकृती, तुझं पोट, तुझ्या खोलीतला गळका नळ, सगळ्यांची चौकशी केली असं समज. आज मला कामाचं लिहायचं आहे.

कापसाचा जिनिंग कारखाना बंद पडला तरी त्याच्या गणकविभागाची मुख्य अजून मीच आहे, म्हणजे एका संगणकाची आणि दोन मांजरांची मुख्य. आमच्या वस्तीसमितीचे म्हातारे शोदमोन बोबो एप्रिलात आले आणि म्हणाले, "मोहशरीफ, शुक्रवारचं सरकारी पीठ आता तुझं ते टीव्हीसारखं यंत्र वाटेल." मी म्हटलं, यंत्र पीठ वाटत नाही, मोजमाप ठेवतं. ते म्हणाले, "मग मोजमाप ठेव, पण लवकर. एखादा मरेल."

खरंच मरेल. तीनशे बारा घरं आणि रांग एक. गेल्या शुक्रवारी हायितमुरोद भट्टीवाल्याच्या डोक्यात कुणी तरी तराजूचं दोन किलोचं वजन घातलं. कोणी तीनदा पीठ नेलं, कोणी एकदाही नाही. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि पीठ जमिनीवर सांडत होतं.

तर मी प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या कच्च्या भाषेत, चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं, नेहमीसारखा. कुठली गोष्ट यंत्राच्या कुठल्या कप्प्यात ठेवायची ते एकेक ओळीनं सांगायचं. घराचा क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, खाणारी तोंडं. एवढंच. सात आठवडे झालेत, अजून चार लागतील. पान भरलं की तीनदा तपासते आणि खाली तीन खुणा करते. थोरली बहीण म्हणून तुला हे शिकवलं तेव्हा तू रडायचास, आठवतं ना?

प्रिंटरची फीत संपली आहे, तेवढी पाठव. कांद्याचा ट्रक घेऊन करोमत दर पंधरवड्याला दुशान्बेला येतो. त्याच्यासोबत तुला वाळवलेली तुती पाठवते आहे. एकट्यानं खा. मित्रांना वाटून मोठेपणा मिरवू नकोस.

तुझी अपा

*

दुशान्बे, २५ जून १९९२

अपाजान,

अकरा आठवडे! तेवढ्या वेळात माणूस लग्न करून पस्तावूनसुद्धा मोकळा होतो.

हे ऐक. आमच्या सहकारी कचेरीत प्रोग्रॅम लिहायचं नवं साधन आलंय, आठ फ्लॉपींमध्ये. मॉस्कोहून कोणी कोणाकडून नकललं ते विचारू नकोस. निळा पडदा उघडतो. लिहायचंही तिथंच, चालवायचंही तिथंच. चूक झाली तर बाण आपणहून चुकीच्या ओळीवर जाऊन उभा राहतो. आणि पडद्यावर फॉर्म नुसता काढायचा, इथं नाव, इथं वय, की प्रोग्रॅम ते साधन स्वतःच लिहून देतं! तुला आठवतं, मोठ्या गणनकेंद्रात आपला कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि चार दिवसांनी उत्तर यायचं, "एकविसाव्या कार्डावर स्वल्पविराम नाही"? ते दिवस मेले, अपा. मयताला मोडतात तशी त्यांच्या नावानं नान मोड आणि पुढे हो.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी चहा ओतला आणि बसलो. चहा गार व्हायच्या आत तुझा प्रोग्रॅम तयार होता. फ्लॉपी फितीबरोबर पाठवतोय. तुझे तीनच रकाने मला भिकारडे वाटले, म्हणून घरनोंदवहीतले सगळे अकरा घातले. नाव, वय, धंदा, जन्मस्थळ, कुटुंब कुठून आलं, सगळं. फुकटच होते, एकेक कळ दाबायची. आणि ज्या रकान्यानुसार हवी त्यानुसार यादी लावता येते. "कशानुसार?" असं पडदाच विचारतो. निवडायचं आणि छापायचं. शोदमोन बोबोलाही जमेल.

माझी तुती मित्रांनी खाल्ली.

तुझा खुशवक्त

*

नवचमन, १२ जुलै १९९२

खुशवक्त,

चालतो. नऊ दिवस बसून सोळाशे चाळीस माणसं भरली. परवाच्या शुक्रवारी रांगेत कोणाचं रक्त सांडलं नाही. घे, म्हटलं मी. आता तो आरशापुढे उभा राहून मिशीवरून हात फिरवणारा चेहरा बंद कर.

मला राग आलाय, तो मी लपवत नाही. सत्तावीस वर्षं मी यंत्राशी त्याच्या भाषेत बोलले. तू त्याला चित्र काढून दाखवलंस आणि ते शेपूट हलवत आलं. माझी वही मात्र मी टाकलेली नाही.

शोदमोन बोबो पक्के वेडे झालेत. जो म्हातारा टीव्हीला सैतान म्हणतो, तो येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवतो, "बघ, वयानुसार! बघ, धंद्यानुसार! सगळे न्हावी एका ठिकाणी!" काल त्यांनी घरनोंदवहीची पानं बियाणाच्या पुड्या बांधायला देऊन टाकली. मी ओरडले तर म्हणतात, "यंत्रात आहे की सगळं." अडतीस वर्षांची नोंद, खुशवक्त. आता ती फक्त इथं आहे.

जन्मस्थळाचा रकाना कशाला रे ठेवलास? भरताना फार खोळंबा झाला. खैरिनिसो सुईण म्हणाली, "मी वाटेवर जन्मले, काय हवं ते लिही." मी तिला परत पाठवलं आणि पासपोर्ट आणायला लावला. शेवटी नोंद म्हणजे नोंद.

कालव्याच्या पुलाजवळ आठवड्यापूर्वी एक बस जाळली. आत सहा माणसं होती. मी बाजारातून येत होते. दारं बाहेरून तारेनं बांधली होती. काचेवर आतून तळहात दिसत होते, मग दिसेनासे झाले. लोक म्हणतात, जाळणाऱ्यांनी आधी चढून प्रत्येकाला जन्मगाव विचारलं होतं आणि डोंगरातले तेवढे आत ठेवले होते. ही यादवी पेटल्यापासून रांगेतही "ए डोंगऱ्या" असं ऐकू येतं. पूर्वी ते थट्टेत म्हणायचे.

अपा

*

दुशान्बे, ३० जुलै १९९२

अपाजान,

बसचं वाचून जेवण गेलं नाही. तू इथं ये. माझी खोली लहान आहे, पण आपण बाराजण एका खोलीत वाढलोच ना?

रकाना का ठेवला म्हणतेस, तर काढायचाही त्रास घ्यावा लागला असता. असू दे बापडा. तुझ्या तक्रारीपेक्षा इथं त्याचं कौतुक जास्त आहे. आणखी दोन गावांच्या समित्यांनी प्रत मागितली. तिथल्या तिथं नकलून दिली. दोन मिनिटं, अपा! तुझ्या काळात एक प्रोग्रॅम दुसऱ्या गावी न्यायचा तर माणूसच न्यावा लागायचा.

आणि डोंगऱ्या म्हणणाऱ्यांना सांग की एकाच आईची दोन मुलं आहेत. तू दर्राइसंगला जन्मलीस. सहा वर्षांची असताना सगळ्या गावासकट तुला ट्रकमध्ये घालून कापूस वेचायला खाली आणलं. मी त्यानंतर दहा वर्षांनी इथं खाली जन्मलो. म्हणजे तू डोंगरी, मी मैदानी. तू वाकडी, मी सपाट. आई हे सांगताना हसायची. पण मग उठून बाहेर जायची.

ये ना गं. करोमत आणेल तुला.

खुशवक्त

*

नवचमन, २० सप्टेंबर १९९२

खुशवक्त,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

मंगळवारी कमांडर मिराली तीन गाड्या घेऊन आला आणि कारखान्यात उतरला. हे लोक इकडचे नाहीत. त्यांना आमची गल्ली माहीत नाही, की कोण कोणाचा ते माहीत नाही. त्यानं समितीला विचारलं, "तुमच्यात वरचे किती?" कोणी तोंड उघडलं नाही. एकानं शोदमोन बोबोंच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला, खालचे दात गेले. तरी ते बोलले नाहीत. पण टेबलावर यंत्र सुरू होतं, आणि पडदा विचारत होता, "कशानुसार?"

त्यांच्यात एक जण आहे, पूर्वी टायरांचे पंक्चर काढायचा. त्यानं बाण खाली नेला आणि जन्मस्थळावर थांबला. कळ दाबली. त्याला कोणी शिकवलं नाही, खुशवक्त, शिकवायची गरजच नव्हती. अकरा मिनिटांत छापून झालं. तू पाठवलेली फीत नवी होती, प्रत्येक अक्षर काळंभोर उठलं.

शुक्रवारी सकाळी पिठाची रांग लागली. पंक्चरवाल्यानं कागद वाचायला घेतला. नावं हजेरी घेतल्यासारखी वाचली. लोकांना वाटलं, जास्तीचं पीठ आहे. हायितमुरोद भट्टीवाला डोक्यावरचा वण मिरवत हसत पुढे गेला, "हजर!" म्हणाला. सत्तावन्न नावं. कापसाच्या कोठाराच्या मागं नेलं. आधी ओरडणं ऐकू आलं, मग फैरी, मग एकेक गोळी. कोठाराच्या भिंतीला कापूस चिकटलेला होता, तो लाल झाला. खैरिनिसो सुईण पहिल्या फैरीत मेली नाही. ती रांगत कोपऱ्यापर्यंत आली आणि तिनं आमच्याकडे बघितलं. तिच्या हातून जन्मलेली निम्मी माणसं त्या रांगेत उभी होती. एक जण मागून आला आणि त्यानं तिच्या डोक्यात कुदळ घातली, गोळी वाचवायला.

नंतर पीठ वाटलं. लोकांनी घेतलं. मीही घेतलं.

मी माझा तो वहीतला प्रोग्रॅम पुरा केला असता, तर तो माझ्याशिवाय कोणाला चालवता आला नसता. त्यांना मला विचारावं लागलं असतं, आणि मी म्हटलं असतं, बिघडलाय, चार दिवस द्या.

माझं नाव त्यांनी वाचलं नाही. का ते विचारू नकोस.

अपा

*

दुशान्बे, २७ सप्टेंबर १९९२

अपा, माझ्या अपा,

मी दोन दिवस भिंतीवर डोकं आपटत होतो, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. सत्तावन्न. मी तो रकाना ठेवला कारण काढायचा कंटाळा आला. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही. त्या दोन गावांच्या वाटा बंद झाल्यात. तिथं काय झालं असेल ते मला विचारायचीही हिंमत नाही.

तुझं नाव का सुटलं, याच्यावर मी रात्रंदिवस बसलो. वाटलं, प्रोग्रॅममध्ये कुठं तरी एक माणूस गळतोय. तपासला, चालवून बघितला, शंभर वेळा. गळत नाही. मग देवानंच त्या पंक्चरवाल्याचे डोळे तुझ्या ओळीवरून घसरवले असतील. पण पुढच्या वेळी घसरणार नाहीत! ते पुन्हा छापतील आणि तू दर्राइसंगची आहेस.

म्हणून ही दुसरी फ्लॉपी. ही घातलीस आणि एक कळ दाबलीस की सगळ्यांचं जन्मस्थळ नवचमन होईल. चाळीस मिनिटांत केलं. हेही सोपंच होतं, अपा. मला त्याची किळस आली.

कळ दाब आणि त्याच पावली करोमतच्या ट्रकमध्ये चढ. कांद्याच्या पोत्यांखाली जागा केली आहे. त्याच्याशी बोललोय.

तुझ्या पाया पडतो, ये.

खुशवक्त

*

नवचमन, १३ ऑक्टोबर १९९२

खुशवक्त,

देवानं कोणाचे डोळे घसरवले नाहीत. ऐक आता.

जुलैत मी माझं घर सगळ्यांत शेवटी भरलं. तोवर मी ती बस बघितली होती. ते तळहात बघितले होते. घरी येऊन हात धुतले, कचेरीत गेले, माझी ओळ उघडली आणि जन्मस्थळाच्या रकान्यात नवचमन लिहिलं. कुटुंब कुठून आलं तिथंही नवचमन. एका बोटानं. मग बाकीच्यांच्या नोंदी पासपोर्टाशी तीनदा ताडून बघितल्या. सुईणीनं पाय धरले तरी तिचं खरं गाव लिहिलं, कारण मी शिस्तीची बाई! तू रकाना ठेवलास कारण तो फुकट होता. तो कशासाठी वापरला जाईल हे मला कळलं होतं, आणि मी स्वतःला तेवढं बाहेर काढलं. तुझ्यापेक्षा माझा गुन्हा मोठा आहे, तेव्हा भिंत आणि डोकं दोन्ही वाचव.

तुझी दुसरी फ्लॉपी मी चालवली. चालली. जन्मस्थळं सगळी नवचमन झाली. पंक्चरवाल्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा यादी मागितली, वरचा एकही निघाला नाही. तो हसला आणि बाण एक घर खाली नेला. "कुटुंब कुठून आलं." तो तू बदलायचा विसरलास. अकरा रकाने लक्षात ठेवायला ते लिहिताना घाम गाळावा लागतो.

तीनशे एकेचाळीस नावं आहेत. इथं खाली जन्मलेली, पण डोंगरातून आणलेल्यांची पोरं, नातवंडं, तान्ही. तू इथं असतास तर तूही त्यात होतास, मैदानी. छापायला घेतलं आणि वीज गेली. कमांडर म्हणाला, शुक्रवारपर्यंत छापा.

नुसतं पुसून उपयोग नाही. तुझं साधन इतकं प्रेमळ आहे की प्रत्येक गोष्टीची एक जास्तीची प्रत ठेवतं आणि विचारतं, "परत आणू का?" तेव्हा मी वही काढली आहे. असेंब्लीत एकोणीस ओळी. यंत्राची चकती, जिथं सगळी नोंद साठते ती, पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत शून्यांनी भरायची, काही विचारायचं नाही. पेन्सिलीनं लिहून झालं, तीनदा तपासलं. उद्या दुपारी वीज येते तेव्हा चालवीन. पंक्चरवाला शेजारी बसला तरी चालेल, त्याला त्यातलं एक अक्षर कळणार नाही.

करोमतच्या पोत्यांखाली मी झोपणार नाही. तिथं चार बायका आणि सात मुलं मावतात, मी मोजलं. त्याला म्हटलं, जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या कर. बाकीच्यांना शोदमोन बोबो नदीकडे काढून देतील. त्यांना वेळ हवाय. तो मी मिळवते.

मांजरं शेजारी दिली आहेत.

मोहशरीफ

*

नवचमन, २ नोव्हेंबर १९९२

बेटा खुशवक्त,

मी शोदमोन. तू मला ओळखतोस, तुझ्या सुंतेला मी मेंढी कापली होती. दात नाहीत, म्हणून बोलायला अडतं, लिहायला नाही.

बुधवारी दुपारी वीज आली. मोहशरीफनं यंत्र सुरू केलं. पंक्चरवाला पुढ्यातच सफरचंद खात होता. तिनं वहीत बघून आकडे मारले, फार नाही. यंत्र जरा घरघरलं आणि पडदा काळा झाला. पंक्चरवाल्यानं कळा दाबून बघितल्या. मग तिला केसांना धरून यंत्रावर आपटलं, काच फुटली, तिचा डावा डोळा गेला. तरी ती म्हणाली, "आता मेलं ते. तुम्हाला चालवता येत होतं ना? चालवा."

कमांडर आला. त्यानं पिस्तूल तिच्या कपाळाला लावलं. ती म्हणाली, "मार. मग सोळाशे चाळीस माणसं कोणाला पाठ आहेत? नऊ दिवस बसून मीच भरलीत." त्याला ते पटलं. आम्हा समितीच्या लोकांना विचारून तो आधीच दमला होता. गावाची वही तर मीच पुड्या बांधायला दिली होती. तो गुन्हा माझा आहे, तोही तू लक्षात ठेव.

तिनं कागद मागितला. पेन्सिल मागितली. म्हणाली, "मी हळू लिहिते आणि तीनदा तपासते, माझी पद्धतच आहे." त्यांनी तिला कोठारात बसवलं. मला तिला चहा द्यायला ठेवलं होतं, पण मी सकाळी एकदा देऊन दिवसभर लोकांना कालव्यातून काढत होतो. शुक्रवारी कमांडर आला, ती म्हणाली, "झालं नाही, डोळा एकच आहे." त्यानं तिच्या उजव्या हाताला नाही, डाव्याला हातोडा मारला, कारण उजवा लिहायला हवा होता. बोटं चेपली. तिनं आणखी दोन दिवस मागितले. मी तिला विचारलं, "दुखतं का गं?" म्हणाली, "बोबो, किती गेले?" मी म्हटलं, "दोनशे." ती म्हणाली, "मग पेन्सिलीला टोक करून आणा."

करोमतनं चार फेऱ्या केल्या. पाचवीत त्याला पुलावर गोळी घातली, ट्रकमध्ये तेव्हा नुसता कांदा होता. रविवारी सकाळपर्यंत तीनशे एकेचाळीसपैकी तीनशे अठ्ठावीस गेले. तेरा म्हातारे चालू शकत नव्हते, ते माझ्या तळघरात आहेत, जिवंत आहेत.

रविवारी कमांडरनं कागद ओढून घेतला. चार दिवसांत तिनं एकच ओळ लिहिली होती. त्यानं तिला तिथंच मारलं. किती गोळ्या ते मी तुला सांगणार नाही, मी मोजल्या आहेत. कागद त्यानं तिच्या अंगावर फेकला. तिला आम्ही सुईणीच्या शेजारी पुरलं.

कागद सोबत पाठवतोय. एका कोपऱ्याला रक्त आहे, पण अक्षर लागतं. नाव, मोहशरीफ. वय, सत्तेचाळीस. धंदा, प्रोग्रॅम लिहिणे. जन्मस्थळ, दर्राइसंग. कुटुंब कुठून आलं, दर्राइसंग. खाली पेन्सिलीच्या तीन खुणा आहेत.

शोदमोन